खुर्ची दिली, टिंब नाही दिलं : मोठ्या घरांतली संपत्ती, दानधर्म आणि सूत्रं सोडणं

मधली लेक
इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय. आयडी नवा का घेतला ते पुढे वाचून कळेलच.

आमचा उद्योग बाबांनी आणि काकांनी उभा केला. काका आठ वर्षांपूर्वी गेले. बाबा आता ७९. तीन वर्षांपूर्वी त्यांनी दादाला अध्यक्ष केलं, भाषण केलं, डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी साडेनऊला दादाच्या शेजारच्या खोलीत येऊन बसले, ते आजतागायत. दोन खोल्यांच्या मध्ये एक दार आहे. मोठ्या रकमेच्या कागदावर दादाची सही झाली की कागद त्या दारातून आत जातो. बाबा सही करत नाहीत, तो अधिकार त्यांनी रीतसर सोडलाय. ते उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक बारीक टिंब काढतात. टिंब नसेल तर लेखा विभाग कागद पुढे सरकवत नाही. असा नियम कुठेही लिहिलेला नाही.

आता नवा विषय निघालाय. बाबांना आपल्या वाट्याचे बहुतेक सगळे शेअर्स एका फाउंडेशनला द्यायचे आहेत. कल्पना मला आवडते. पण काकांची दोन्ही मुलं एकदम गप्प झालीत, दादाच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही, आणि माझी २४ वर्षांची भाची म्हणते, "हे ठरवणारे तुम्ही पाच जण कोण?"

कायद्याचा सल्ला नकोय, त्याला माणसं आहेत. ज्या घरांत हे बऱ्यापैकी पार पडलं तिथे नेमकं काय केलं, आणि जिथे फिसकटलं तिथे कुठे फिसकटलं, एवढंच विचारायचंय.

खवचट खडू
देवा, आम्हालाही असले प्रश्न पडू देत. पहिल्या रांगेत जागा धरून बसलोय.

हिशेबनीस
हसा खडूराव, पण दोन खोल्यांच्या घरावरून आयुष्यभर न बोलणारे भाऊ तुमच्याही पाहण्यात असतील. इथे शून्यं जास्त आहेत, दुखणं तेच.

ताई, मी एका घराण्याचं फॅमिली ऑफिस, म्हणजे घरचा पैसा सांभाळणारं कार्यालय, २६ वर्षं सांभाळलं, आता निवृत्त आहे. रेनॅटो टॅग्युरी आणि जॉन डेव्हिस या हार्वर्डच्या दोघांनी १९७८ मध्ये तीन वर्तुळं काढून ठेवलीत : कुटुंब, मालकी, उद्योग. एकमेकांत अडकलेली. प्रत्येक माणूस त्यांत कुठेतरी बसतो. नुसता कुटुंबातला, किंवा कुटुंब अधिक मालकी, किंवा तिन्ही. सल्लागार मंडळी हे चित्र इतक्यांदा दाखवतात की त्याचा कंटाळा येतो. पण मी एकदा एक गंमत केली होती. भावंडांना कोरे कागद दिले आणि म्हटलं, सगळ्यांची नावं योग्य जागी लिहा. थोरल्याने स्वतःला तिन्हींच्या मधोमध लिहिलं. धाकट्यानेही स्वतःला मधोमध लिहिलं. बहिणीने बाकीच्यांची नावं लिहिली आणि स्वतःचं लिहिलंच नाही. विचारलं तर म्हणाली, "माझ्या नावावर शेअर आहेत की नाहीत हेच मला कुणी सांगितलेलं नाही." तिच्या नावावर १४ टक्के होते.

तुमच्याकडे बाबांनी उद्योगाच्या वर्तुळातून बाहेर पाऊल टाकल्याचं जाहीर केलं आणि एक पाय आतच ठेवला. आता मालकीच्या वर्तुळातूनही निघतो म्हणताहेत. आधी पहिलं पाऊल पुरं होऊ द्या.

जुनं बाड
"पहिली पिढी कमावते, दुसरी राखते, तिसरी उडवते" हे कुणी लिहिण्याआधीच लिहून टाकतो. या वाक्याला आकड्यांचा जो आधार दिला जातो तो फिरून फिरून जॉन वॉर्ड यांच्या १९८७ च्या अभ्यासाकडे जातो. इलिनॉयमधल्या २०० उत्पादक कंपन्या, १९२४ ते १९८४ ही साठ वर्षं. त्यातल्या १३ टक्केच त्याच कुटुंबाकडे तिसऱ्या पिढीअखेर राहिल्या. पण हा हिशेब कंपन्यांचा आहे, संपत्तीचा नाही. ज्याने चांगल्या भावात कंपनी विकून पोराबाळांची सोय केली तोही यात 'बुडालेला'च धरला जातो. शिवाय साठ वर्षं टिकणाऱ्या कंपन्या एकूणच किती असतात?

तर घाबरू नका. पण अमेरिकेतलं रेल्वेवालं व्हँडरबिल्ट घराणं जरूर पाहा. कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट १८७७ मध्ये गेले तेव्हा सुमारे १० कोटी डॉलर मागे होते. बहुतेक सगळं विल्यम या एकाच मुलाला दिलं. त्याने आठ वर्षांत दुप्पट केलं, म्हणजे तो मूर्ख नव्हता. पण तो १८८५ मध्ये गेला आणि पुढच्या पिढीने राजवाड्यांसारखी घरं बांधायला घेतली. बिल्टमोर आणि ब्रेकर्स ही दोन्ही १८९५ मध्ये उभी राहिली. आज त्यांत तिकीट काढून जाता येतं. (घरं खरोखर सुंदर आहेत, हे कबूल करायला हवं.)

शेजारीच तेलवाले रॉकफेलर. थोरल्याने १८८२ मध्येच घरचा पैसा सांभाळायला वेगळं कार्यालय थाटलं, १९१३ मध्ये फाउंडेशन काढलं. मुलाने १९३४ मध्ये आपल्या मुलांसाठी विश्वस्तनिधी केले, मुद्दल हाती लागणार नाही असे. आणि माझ्या मते महत्त्वाचं हे : नातवांनी १९४० मध्ये आजोबांच्या फाउंडेशनमध्ये घुसण्याऐवजी स्वतःचा वेगळा निधी काढला. त्याच निधीने २०१४ मध्ये खनिज इंधनांतली गुंतवणूक काढून घेत असल्याचं जाहीर केलं. ज्या तेलावर घर उभं राहिलं त्याच तेलातून! आजोबांच्या नावाचा दगड डोक्यावर न घेता वेगळं काही करायला त्यांना जागा होती.

तिसरी पिढी
मी हे दुसऱ्या बाजूने लिहितेय, ज्यांना 'पुढची पिढी' म्हणतात त्या बाजूने.

मी ३१ वर्षांची होईपर्यंत मला काहीही माहीत नव्हतं. पैसे आहेत हे दिसत होतं, किती ते नाही. एकदा वडिलांना बाहेरगावी जायचं होतं म्हणून वकिलांकडे मी गेले. त्यांनी फाईल उघडली, रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या पानांवर सह्या मागितल्या. मी एक पान उलटं वाचलं, म्हणजे टेबलाच्या पलीकडून, त्यांच्या हातात असताना. तिथे माझं नाव होतं आणि पुढे एक आकडा. मला वाटलं दशांश चिन्ह राहिलंय. वकील म्हणाले, "तुम्हाला सांगितलं नाही का?" आणि फाईल मिटली.

त्यानंतर दोन वर्षं मी नीट झोपले नाही. लोकांना हे सांगितलं की हसतात, म्हणून सांगत नाही. नोकरी का करतेय, मित्र का मित्र आहेत, नवऱ्याला माहीत होतं का, सगळ्याचा संशय यायला लागला. वडिलांना विचारलं तर म्हणाले, "लवकर सांगितलं असतं तर बिघडली असतीस." न सांगितल्यानेही बिघडलेच की, फक्त वेगळ्या तऱ्हेने.

वॉरन बफे यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये भागधारकांना लिहिलेल्या पत्रात आईवडिलांना एक सल्ला दिलाय : मुलं समजती झाली की मृत्युपत्रावर सही करण्याआधी ते त्यांना वाचायला द्या. त्यांना कारणं कळू द्या, प्रश्न विचारू द्या. इतक्या साध्या गोष्टीसाठी ९४ वर्षांच्या माणसाचं पत्र लागावं!

मधली लेक
तिसरी पिढी, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. हिशेबनीस काका, तुमच्या त्या बहिणीच्या जागी माझं नाव घातलं तरी चालेल. मला माझे टक्के माहीत आहेत, पण मी कुठल्या वर्तुळात ते मलाही सांगता येणार नाही.

लाल शाई
मी थोडं कडू लिहिणार आहे. फाउंडेशनला शेअर देणं हे दान आहे की सूत्रं हातात ठेवण्याची आणखी एक युक्ती, हे आधी ठरवा. दोन्ही असू शकतं, पण माहीत तरी असू द्या. प्रश्न एकच विचारा : शेअर फाउंडेशनकडे गेले, मग कंपनीच्या निर्णयांत त्यांचं मत कोण देणार?

जर्मनीतल्या बॉश कंपनीचं उदाहरण घ्या. कंपनीचं सुमारे ९४ टक्के भांडवल रॉबर्ट बॉश फाउंडेशनकडे आहे. लाभांश तिथे जातो, तिथून समाजकामाला. पण त्या भांडवलाला मताधिकार नाही. सुमारे ९३ टक्के मतं एका वेगळ्या विश्वस्त संस्थेकडे आहेत, जिला लाभांश जवळजवळ नाहीच. ज्याला पैसे मिळतात तो निर्णय घेत नाही, जो निर्णय घेतो त्याला पैसे मिळत नाहीत. १९६४ पासून हे चालू आहे. इतकं स्वच्छ विभाजन मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

उलट जिथे पैसे आणि मत दोन्ही विश्वस्तांकडे, तिथे विश्वस्त कोण हाच खरा सामना. टाटा सन्सचं सुमारे ६६ टक्के भागभांडवल ट्रस्टांकडे आहे. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्था सगळ्यांना माहीत आहेत, त्याबद्दल वादच नाही. पण २०१२ मध्ये अध्यक्ष झालेले सायरस मिस्त्री यांना ऑक्टोबर २०१६ मध्ये दूर केलं गेलं, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२१ च्या निकालापर्यंत चालला. निकाल टाटांच्या बाजूने लागला. कोण बरोबर यात मी पडत नाही. दाता गेल्यावरही मताचा प्रश्न कितीतरी पिढ्या जिवंत राहतो एवढंच दाखवायचंय.

खवचट खडू
म्हणजे टिंब काढायची पेन्सिल फाउंडेशनला द्यायची की नाही, असा प्रश्न आहे तर.

लाल शाई
खडू, या वेळी तुम्ही बरोबर बोललात. दुर्मीळ योग.

जुनं बाड
लाल शाईंनी दात्याच्या मागे काय होतं ते काढलंच आहे तर फोर्ड. फाउंडेशन १९३६ चं. पुढे ते इतकं मोठं आणि स्वतंत्र झालं की मोटारवाल्या हेन्री फोर्डचा नातू दुसरा हेन्री फोर्ड १९७६ मध्ये विश्वस्तपदाचा राजीनामा देऊन बाहेर पडला. त्याची तक्रार अशी की ज्या भांडवलशाहीतून हा पैसा आला तिच्याबद्दल इथे कुणाला आस्था उरलेली नाही. मला यात दोन्ही बाजू कळतात. पैसा एकदा खरोखर दिला की तो आपलं ऐकत नाही, आणि ऐकत असेल तर तो दिलेला नसतो.

यावर दोघांनी एक वेगळीच वाट काढली : फाउंडेशनलाच मरणाची तारीख द्यायची. सीअर्स या अमेरिकी दुकानदारी कंपनीचे ज्युलियस रोझनवाल्ड यांनी १९१७ मध्ये निधी काढला आणि अट घातली की आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षांत सगळं संपलं पाहिजे. ते १९३२ मध्ये गेले, निधी १९४८ मध्ये संपला, म्हणजे मुदतीच्या आधीच. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी जवळपास ५,००० शाळा उभ्या राहिल्या. त्यात गावकऱ्यांनीही स्वतःचा वाटा घालायचा अशी अट होती. दुसरे चक फीनी. ड्यूटी फ्री दुकानांतली आपली मालकी १९८४ मध्ये गुपचूप फाउंडेशनला दिली, १९९७ पर्यंत कुणाला पत्ता नाही. ८ अब्ज डॉलरहून जास्त वाटून २०२० मध्ये फाउंडेशन बंद केलं. स्वतः भाड्याच्या घरात राहायचे, २०२३ मध्ये गेले. गेट्स फाउंडेशननेही २०४५ अखेर बंद होण्याचं २०२५ मध्ये जाहीर केलंय.

उंबरठा
तारीख असली की भांडायला काही उरत नाही, हा मोठाच फायदा. पण संस्थेत काम करणाऱ्यांचं काय? मी अशाच एका निधीच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत नऊ वर्षं शिकवलं. एका पत्रावर सगळं थांबलं. देणाऱ्यांच्या घरात पुढची पिढी आली होती, तिला दुसरा विषय आवडत होता. त्या पत्रात "आमच्या प्राधान्यक्रमात बदल झाल्याने" असं लिहिलं होतं. मी ते मुलांना कसं समजावलं असेल, कल्पना करा. बंद करायचं तर रोझनवाल्डसारखं, पंचवीस वर्षं आधी सांगून करा.

मधली लेक, तुमच्या फाउंडेशनमध्ये हे कृपा करून लिहून ठेवा : कुठलंही काम थांबवायचं तर किमान किती वर्षं आधी सांगायचं.

मधली लेक
लिहून घेतलं. अगदी अक्षरशः वहीत.

सासुरवाशीण
इतक्या प्रतिसादांत एकदाही सून आली नाही, जावई आला नाही. येणारच नाही म्हणा. युरोपातले सावकार मायर अॅम्शेल रोथशिल्ड १८१२ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात स्पष्ट होतं : व्यवसायात पाच मुलगे, मुली नाहीत, जावई नाहीत. फ्रँकफर्ट, लंडन, पॅरिस, व्हिएन्ना, नेपल्स अशा पाच पेढ्या. दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून द्यावी तर चेन्नईच्या मुरुगप्पा उद्योगघराण्याचं २०२० चं प्रकरण बघा. एम. व्ही. मुरुगप्पन २०१७ मध्ये गेले, मुलगा नव्हता, दोन मुली. त्यांनी वडिलांच्या वाट्याच्या बळावर घराण्याच्या होल्डिंग कंपनीच्या संचालक मंडळावर एक जागा मागितली. भागधारकांनी मतदान करून नाही म्हटलं. समेट व्हायला २०२३ उजाडलं. मुलगी शिकलेली, तज्ज्ञ, मालक. तरीही बाहेर.

मी माझ्या सासरच्या घराच्या 'कौटुंबिक सनदे'च्या, म्हणजे घराण्याच्या लेखी नियमांच्या, बैठकीला गेले होते. २२ पानं. सल्लागाराने वाचून दाखवली. सतराव्या पानावर "कुटुंबीय म्हणजे रक्तसंबंधी वंशज" असं होतं. वाचणारा क्षणभर थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि पुढे वाचायला लागला. माझ्या मुलाचं डोकं तेव्हा माझ्या मांडीवर होतं. झोपला होता तो. एकवीस वर्षं त्या घरात काढून मी कायद्याने पाहुणी. असो.

पाय जमिनीवर
सासुरवाशीणताई, तुमचं पटलं, पण रक्ताबाहेर जाणारीही घराणी आहेत. जपानमध्ये कर्तबगार जावयाला दत्तक घेऊन घराण्याचं नाव देण्याची जुनी पद्धत आहे. सुझुकीचे ओसामू सुझुकी जन्माने मात्सुदा. घरच्या मुलीशी लग्न केलं, नाव घेतलं, १९७८ मध्ये अध्यक्ष झाले. कंपनीला त्यांनी कुठल्या कुठे नेलं. (आणि मग त्यांनाही सुटेना. संचालक मंडळाचं अध्यक्षपद सोडलं ते २०२१ मध्ये, वय ९१. ताई, तुमचे बाबा अजून तरुण आहेत.)

जर्मनीतलं हानिएल घराणं आणखी टोकाचं. १७५६ पासूनचा उद्योग, मालक शेकड्यांनी, सगळे नातेवाईक. नियम असा की घरातल्या कुणीही कंपनीत नोकरी करायची नाही. मालक राहा, देखरेख करा, पण आत शिरू नका. सोया सॉस बनवणाऱ्या जपानी किक्कोमनमध्ये मधला मार्ग : १९१७ मध्ये आठ घरांनी एकत्र येऊन कंपनी केली, आणि एका पिढीत एका घरातून एकानेच कंपनीत यायचं. त्यातून वरच्या पदावर जाईलच असं नाही.

मला यातलं किक्कोमनचं सर्वांत आवडतं. कारण "माझा मुलगा की तुझा" ही मारामारी ते प्रत्येक घराच्या आत ढकलतात, कंपनीच्या दारात येऊ देत नाहीत.

हिशेबनीस
मला हानिएलचा नियम पटत नाही, स्पष्ट सांगतो. मालकाला यंत्राचा आवाज माहीत नसेल तर तो नुसता लाभांशाचा आकडा बघतो, आणि लाभांश घटला की विकायला निघतो. त्यांच्याकडे चाललंय हे मान्य. पण त्यांनी त्यासाठी अडीच शतकं मेहनत घेतलीय. कालपर्यंत टिंब काढणाऱ्या घराला ते उद्या झेपणार नाही.

मी बघितलेला सर्वांत चांगला नियम फार साधा होता : घरातल्या मुलाने बाहेर पाच वर्षं नोकरी करायची, तिथे किमान एकदा बढती मिळवायची, आणि मग घरच्या कंपनीत अर्ज करायचा. मुलाखत घरच्या माणसाने घ्यायची नाही. पहिल्याच पोराला नाकारलं. घरात चार महिने अबोला होता. पण नंतर आलेल्या मुलीला कंपनीतल्या लोकांनी मान दिला, तो त्या नकारामुळे.

भाचीची मैत्रीण
नमस्कार, मी सगळ्यांत लहान असेन इथे. भाची म्हणते ते मला पटतं. मारलेन एंगेलहॉर्नने ऑस्ट्रियात आजीकडून आलेल्या वारशातले २.५ कोटी युरो द्यायचे ठरवले, पण कुणाला द्यायचे ते स्वतः ठरवलं नाही. चिठ्ठ्या काढून ५० सामान्य नागरिकांची समिती केली, त्यांनी २०२४ मध्ये ७७ संस्थांना वाटले. मी कमावलं नाही तर वाटायचा अधिकार तरी माझा कसा, असा तिचा प्रश्न. फाउंडेशनच्या मंडळात फक्त घरचेच असतील तर त्याला दान का म्हणायचं?

लाल शाई
बाळ, प्रश्न रास्त आहे. पण ५० जणांची समिती एकदा पैसे वाटते आणि घरी जाते. उंबरठांच्या शाळेला दरवर्षी पैसे लागतात. माझं मत : मंडळात निम्मे बाहेरचे घ्या, आणि त्यांत ज्यांच्यासाठी काम करता त्यांतला एक तरी असू द्या.

जुनं बाड
झोप येत नव्हती म्हणून एक गोष्ट. कोपनहेगनचे जे. सी. जेकबसेन यांनी १८४७ मध्ये ब्रुअरी काढली आणि तिला मुलाचं नाव दिलं : कार्ल्सबर्ग. मुलगा कार्ल मोठा झाला, तोही याच धंद्यात. बापाला दर्जा हवा, वेळ लागला तर लागू दे. मुलाला उत्पादन वाढवायचं होतं. दोघांचं असं काही बिनसलं की मुलाने १८८२ मध्ये बाजूलाच न्यू कार्ल्सबर्ग सुरू केली. बापाने १८७६ मध्ये विज्ञानासाठी एक फाउंडेशन काढलं होतं. मुलगा जिचा वारस होता ती ब्रुअरी बापाने मृत्युपत्राने त्या फाउंडेशनला दिली आणि १८८७ मध्ये तो गेला.

आता पुढे ऐका. १९०२ मध्ये त्याच मुलाने स्वतःची ब्रुअरीही त्याच फाउंडेशनला देऊन टाकली. मग दोन्ही एकत्र झाल्या आणि १९१४ मध्ये जाईपर्यंत कारभार त्यानेच पाहिला. मालक नव्हे, चालक म्हणून. आजही त्या कंपनीत मतांचं बहुमत फाउंडेशनकडे आहे.

मधली लेक, मला दर वेळी वाटतं की बापाने रागाने केलेलं दान आणि मुलाने समजून केलेलं दान कागदावर अगदी सारखं दिसतं.

तिसरी पिढी
हे वाचून वडिलांना फोन केला. नेहमीप्रमाणे हवापाण्याचंच बोललो. पण केला.

पाय जमिनीवर
एक व्यावहारिक भीती : बाबांनी आत्ता काही 'कायमचं' करून टाकू नये. वृत्तपत्रं-वाहिन्यांवाल्या मरडॉक घराण्यात वडील रूपर्ट यांच्या १९९९ च्या घटस्फोटाच्या वेळी विश्वस्तनिधी केला, मोठ्या चार मुलांना वडिलांनंतर समान मतं. बदलता न येणारा. पंचवीस वर्षांनी वडिलांना वाटलं की सूत्रं एकट्या लॅकलन या मुलाकडे हवीत. नेवाडात दावा चालला, डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय वडिलांच्या विरुद्ध गेला, शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये बाकी तिघांना पैसे देऊन मोकळं केलं. पिता-पुत्र एका बाजूला, तीन भावंडं दुसऱ्या, मध्ये वकिलांची फौज.

लाल शाई
मी याचा उलटा अर्थ घेते. बदलता येत नव्हता म्हणूनच त्या तिघांना काहीतरी मिळालं. नाहीतर वडिलांनी एका दुपारी बदलून टाकला असता.

पाय जमिनीवर
हे मात्र खरं. शब्द मागे.

मधली लेक
तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. बरंच घडलं.

मी हा धागा छापून बाबांपुढे ठेवला. (खडू, तुमचाही प्रतिसाद ठेवला.) त्यांनी चष्मा बदलून सगळा वाचला. टिंबाचा भाग वाचल्यावर वर बघितलं, "हे तू लोकांना सांगितलंस?" म्हणाले. मी हो म्हटलं. मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. नंतर म्हणाले, "कार्ल्सबर्गचा बाप गाढव होता." मला वाटतं ते स्वतःशी बोलत होते.

बैठक झाली. भाची आली, काकांची मुलं आली, दोन्ही वहिनी आल्या. सासुरवाशीण, तुमच्यामुळे मी त्यांना बोलावण्याचा हट्ट धरला, आणि सगळ्यांत कामाचा प्रश्न धाकट्या वहिनीने विचारला : "फाउंडेशनकडे शेअर गेल्यावर लाभांश किती द्यायचा हे कोण ठरवणार? कंपनीत पैसे ठेवायचे म्हणून दादा नाही म्हणाले तर फाउंडेशन चालणार कशावर?" बाबांकडे उत्तर नव्हतं. काकांची मुलं का गप्प होती तेही कळलं. लाभांश हेच त्यांचं घर चालवण्याचं साधन आहे, आणि ते सांगायची त्यांना लाज वाटत होती.

ठरलं ते असं. बाबांच्या वाट्याचे निम्मेच शेअर आत्ता, उरलेल्याचा विचार पाच वर्षांनी. मंडळात सात जण, चार बाहेरचे. मतं फाउंडेशनकडे न ठेवता वेगळी ठेवायची की नाही यावर एकमत झालं नाही, ते लटकलंय. काम थांबवायचं तर तीन वर्षांची सूचना, उंबरठा. भाचीला मंडळात जागा दिली तर ती नको म्हणाली. आधी दोन वर्षं एखाद्या संस्थेत काम करून येते म्हणाली. बाबांना ते फार आवडलं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

आणि बाबा एक तारखेपासून शेजारच्या खोलीत बसत नाहीत. खोली रिकामी आहे. मधलं दार दादाने उघडं ठेवलंय, का ते माहीत नाही.

खवचट खडू
आणि पेन्सिल?

मधली लेक
ती त्यांनी घरी नेली. त्याचंच सांगायचं राहिलं. एक तारखेनंतरचा पहिला मोठा कागद दादाने सही करून थेट लेखा विभागात पाठवला. दोन दिवस काही हालचाल नाही. तिसऱ्या दिवशी आमचे जुने लेखापाल स्वतः वर आले, कागद दोन्ही हातांत धरून. म्हणाले, "साहेब, हा आत दाखवायचा राहिला वाटतं." दादा म्हणाला, "नाही, राहिलेला नाही." ते तसेच थोडा वेळ उभे राहिले, उजव्या कोपऱ्यावरून एकदा अंगठा फिरवला, आणि खाली गेले. दुपारी पैसे गेले.